टाळीचा ठेका

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

टाळी वाजवायला कुणाला शिकवावं लागतं का? आपल्याकडं तर नाहीच. कीर्तनात, भजनात, दर्ग्यातल्या कव्वालीत आईच्या मांडीवर बसलेलं तीन वर्षांचं पोरसुद्धा आपसूक ठेका धरतं. पण १९७१ च्या जुलै महिन्यात, अमेरिकेतल्या डरहॅम नावाच्या गावात, एका शाळेच्या सभागृहात, चव्वेचाळीस वर्षांच्या एका गोऱ्या माणसाला छत्तीस वर्षांच्या एका काळ्या बाईनं टाळी वाजवायला शिकवली. गाणं चर्चमधलं होतं, काळ्या लोकांचं. त्या गाण्यात टाळी आपल्याला वाटते त्या मात्रेवर पडत नाही, तिच्या पुढच्या मात्रेवर पडते. सगळं सभागृह एका ठेक्यात आणि हा एकटाच भलतीकडं. तिनं त्याचे हात धरले आणि त्याला ठेक्यावर आणलं.

तो माणूस म्हणजे सी. पी. एलिस. कू क्लक्स क्लॅन ही काळ्या लोकांना झाडाला लटकवणारी, पांढरे झगे घालून रात्री क्रॉस पेटवणारी संघटना. तिच्या डरहॅम शाखेचा तो प्रमुख. आणि ती बाई म्हणजे अ‍ॅन अ‍ॅटवॉटर. याच एलिसवर तिनं एकदा नगरपरिषदेच्या सभेत पर्समधला चाकू उघडला होता. सोबतच्या लोकांनी हात धरला म्हणून पुढचं टळलं.

मला ही गोष्ट बरीच उशिरा कळली. मी कवितेतला माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचं; इतिहासाचा अभ्यासक म्हणवून घेण्याची माझी ऐपत नाही. पण गेली काही वर्षं या गावाबद्दल जे जे हाती लागलं ते वाचत गेलो. ‘संवाद साधा, संवाद साधा’ असं आपल्याला उठताबसता सांगितलं जातं. तो संवाद प्रत्यक्षात कसा दिसतो, किती दिवस चालतो, त्यात घाम किती जातो, हे मला या गावात पाहायला मिळालं.

डरहॅम हे नॉर्थ कॅरोलायना राज्यातलं तंबाखूचं गाव. निपाणीकडच्या लोकांना त्या हवेतला वास समजावून सांगायला नको. तंबाखूच्या पैशातून तिथं ड्यूक विद्यापीठ उभं राहिलं. १९२४ मध्ये सिगारेटसम्राट ड्यूक घराण्याच्या मोठ्या देणगीवर एका जुन्या कॉलेजचं विद्यापीठ झालं. दगडी इमारती, उंच मनोऱ्याचं प्रार्थनामंदिर, हिरवळ. ते बांधायला, झाडायला, पुसायला काळी माणसं. शिकायला मात्र फक्त गोरी. गावाच्या दुसऱ्या टोकाला काळ्या विद्यार्थ्यांचं कॉलेज होतं. जेम्स शेपर्ड यांनी १९१० मध्ये सुरू केलेलं. आजचं नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठ ते हेच. दोन विद्यापीठांमध्ये अंतर काही मैलांचं. पण एकाच्या विद्यार्थ्यानं दुसऱ्याच्या विद्यार्थ्याशी हस्तांदोलन करावं, अशी जागा गावात नव्हती. बस वेगळी, पाण्याचा नळ वेगळा, सिनेमाला बसायचा माळा वेगळा.

तरीही माणसं भेटायची वाट काढतातच. १२ मार्च १९४४, रविवार. सारं गाव चर्चमध्ये. ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा गोऱ्या मुलांचा बास्केटबॉल संघ गुपचूप मोटारींतून काळ्यांच्या कॉलेजात गेला. व्यायामशाळेला आतून कुलूप. प्रेक्षक नाहीत. काळ्या मुलांचे प्रशिक्षक होते जॉन मॅकलेंडन. बास्केटबॉल हा खेळ ज्यांनी शोधून काढला, त्या नेस्मिथ यांच्याच हाताखाली शिकलेले. सामना झाला. काळ्या मुलांनी ८८ विरुद्ध ४४ असा जिंकला, बरोबर दुप्पट. खरी गोष्ट त्यापुढची आहे. सामना संपल्यावर या मुलांनी संघ मोडले आणि आपसांत मिसळून दुसरा सामना खेळला. मग वसतिगृहात जाऊन गप्पा मारत बसली. या भेटीचा बोभाटा झाला असता, तर काय झालं असतं सांगता येत नाही. त्यामुळं कुणी तोंड उघडलं नाही. जगाला ही हकीकत समजली १९९६ मध्ये, तब्बल बावन्न वर्षांनी. एक साधा खेळ आणि दोन घटका गप्पा, त्या अर्धशतकभर लपवून ठेवाव्या लागल्या.

पुढं काळ बदलू लागला. १९५४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. १९५७ च्या जूनमध्ये डरहॅममधल्या एका आइस्क्रीमच्या दुकानात डग्लस मूर नावाचे पाद्री सहा सोबत्यांना घेऊन गोऱ्यांच्या बाजूला जाऊन बसले, अटक झाली, दंड झाला. असाच बसण्याचा सत्याग्रह शेजारच्या ग्रीन्सबरो गावात चार विद्यार्थ्यांनी केला तो १९६० मध्ये. तो जगभर गाजला. डरहॅमचा आधीचा होता, पण त्याला ती प्रसिद्धी मिळाली नाही. ड्यूकनं पदवीच्या वर्गात पहिले पाच काळे विद्यार्थी घेतले ते १९६३ मध्ये.

दार उघडलं म्हणजे घर आपलं झालं असं नसतं. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. ड्यूकचे शेकडो विद्यार्थी, बहुतेक गोरेच, प्रार्थनामंदिरासमोरच्या हिरवळीवर काही दिवस मुकाट बसून राहिले. मागणी काय होती? आपल्या विद्यापीठातल्या झाडूवाल्यांना, स्वयंपाकघरातल्या बायांना तासाला किमान १ डॉलर ६० सेंट मजुरी द्या आणि त्यांच्या युनियनला मान्यता द्या. पुढच्या वर्षी १३ फेब्रुवारीला काळ्या विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या प्रशासकीय इमारतीचा ताबा घेतला. आमचा इतिहास शिकवा, आम्हाला इथं परकं वागवू नका, असं त्यांचं म्हणणं. संध्याकाळी ती मुलं इमारतीबाहेर आली. मग बाहेर जमलेल्या विद्यार्थ्यांवर पोलिसांनी अश्रुधूर सोडला.

एप्रिल १९६८ चा तोच आठवडा. त्याच गावात, ड्यूकच्या हिरवळीपासून फार लांब नसलेल्या एका पेट्रोल पंपावर किंग यांच्या मरणाचा आनंद साजरा केला जात होता. पंप सी. पी. एलिसचा होता.

या माणसाची हकीकत त्याच्याच तोंडून स्टड्स टर्केल या मुलाखतकारानं नोंदवून ठेवली आहे. १९८० मध्ये ती पुस्तकात आली. एलिसचा बाप कापडगिरणीत कामाला. पोटाला पुरत नसे, दारू सुटत नसे. बाप अकाली गेला आणि याची शाळा आठवीतच सुटली. लग्न झालं, चार मुलं झाली. त्यातला एक जन्मतः अंध आणि मतिमंद. कर्ज काढून पेट्रोल पंप घेतला, आठवड्याचे सातही दिवस राबला. तरी महिनाअखेर हिशेब काही जुळेना. शेवटचे हप्ते उरले होते तेव्हा हृदयविकाराचा झटका आला. तो सांगतो, की मला राग यायचा, पण तो कुणावर काढायचा ते कळेना. देशाचा राग करावा तर देश डोळ्यांना दिसत नाही. समोर दिसत होता तो काळा माणूस. बाप क्लॅनमध्ये होताच, हाही गेला. दीक्षेच्या दिवशी शेकडो माणसांनी आपल्यासाठी टाळ्या वाजवल्या, हे त्याला जन्मभर आठवत राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला मोजत होतं.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो. दंगलीत दगड घेऊन पळणारी पोरं मी पाहिली आहेत. दोन्ही बाजूंची पाहिली आहेत. त्यांच्या घरी काय शिजत होतं, हे विचारावं असं मला त्या वेळी सुचलं नव्हतं.

एलिसच्या बोलण्यात एक प्रसंग आहे. काही नगरसेवक त्याला रात्री फोन करायचे. उद्याच्या सभेत काळे लोक येणार आहेत, तुझी माणसं घेऊन ये. हा जायचा, आरडाओरडा करायचा, काम फत्ते. एक दिवस भर बाजारात त्यातलाच एक नगरसेवक समोरून येताना दिसला. एलिसला वाटलं, आता हात मिळवेल. त्या गृहस्थानं रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या बाजूनं निघून गेला. रात्रीची ओळख दिवसा चालत नव्हती. आपल्याला वापरून घेतात हे एलिसला त्या दिवशी कळलं. गरीब गोरा आणि गरीब काळा भांडत राहिले तर कुणाचं साधतं, हा प्रश्न तिथून त्याच्या डोक्यात शिरला. त्याच्या तथाकथित हृदयपरिवर्तनाची सुरुवात कुणी शाळेच्या सभागृहात दाखवतात. माझ्या मते ती त्या फुटपाथवर झाली.

अ‍ॅन अ‍ॅटवॉटर वाट्यानं शेती करणाऱ्या बापाची लेक. चौदाव्या वर्षी लग्न. नवऱ्यामागून डरहॅमला आली, पुढं नवरा सोडून गेला, पदरात दोन मुली. गोऱ्यांच्या घरी घरकाम करायची. भाड्याचं घर असं, की न्हाणीघरातला टब जमीन फुटून खाली खचलेला. भाडं थकलेलं. हॉवर्ड फुलर नावाचा तरुण कार्यकर्ता तिला म्हणाला, चल, घरमालकाकडं जाऊन दुरुस्ती मागू. तिला वाटलं हा वेडाच आहे. दोघं गेले, बोलले, आणि मालक चक्क कबूल झाला. बाईला त्या दिवशी आपल्या आवाजाचा शोध लागला. मग ती थांबली नाही. सरकारी मदतीच्या नियमांचं पुस्तक कचेरीत कुलूपबंद असायचं. तिनं त्याच्या प्रती करून बायांमध्ये वाटल्या. नियम काय आहेत हे माहीत असलेल्या बाईला कारकून हाकलू शकत नाही. नगरपरिषदेत काळे लोक बोलायला उठले, की काही नगरसेवक आपल्या फिरत्या खुर्च्या वळवून पाठ करून बसत. अ‍ॅननं त्यातल्या एकाच्या डोक्यावर टप्पल मारून त्याला समोर वळवलं, असं सांगतात. संवादासाठी आधी माणसाचं तोंड आपल्याकडं असावं लागतं.

आता शाळांकडं येऊ. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, पण डरहॅममध्ये टाळाटाळ चालली ती सोळा वर्षं. अखेर १९७० मध्ये न्यायालयानं बजावलं, की शाळा एकत्र करा. झाल्या. म्हणजे एका छताखाली आल्या. मुलांत मारामाऱ्या, शिक्षकांत अविश्वास, पालकांत संताप. तेव्हा कामगार संघटनांच्या राज्य महासंघानं केंद्र सरकारकडून अनुदान मिळवलं आणि बिल रिडिक नावाच्या काळ्या कार्यकर्त्याला बोलावलं. त्याच्याकडं एक पद्धत होती. तिचं नाव शारेट. शब्द फ्रेंच, अर्थ हातगाडी. पॅरिसच्या वास्तुकला शाळेत मुदत संपली की गाडी फिरायची आणि विद्यार्थ्यांनी आपापली चित्रं तिच्यात टाकायची. काही जण गाडीवरच शेवटची रेघ ओढत असत. त्यावरून, ठरलेल्या मुदतीत सगळ्यांनी एकत्र बसून प्रश्न तडीस न्यायचा, या बैठकीला ते नाव पडलं.

रिडिकची खुबी माणसं निवडण्यात होती. असल्या समित्यांवर आपण कोण घेतो? निवृत्त मुख्याध्यापक, एखादा डॉक्टर, एखादे मौलवी, एखादे महाराज, दोन्हीकडचे समजूतदार लोक, ज्यांचं आपसांत भांडण नाहीच. रिडिकनं नेमके भांडणारे निवडले. सहअध्यक्ष दोन, एक क्लॅनचा प्रमुख एलिस, दुसरी अ‍ॅन अ‍ॅटवॉटर. दोघंही आधी नाही म्हणाले.

तयारीच्या एका सभेत एलिस उठला आणि त्यानं मनातलं सगळं ओकून टाकलं. काळ्यांमुळंच हे सगळं झालं वगैरे. सभा चिडीचूप. तेव्हा एक काळा गृहस्थ उठून म्हणाला, की इथं जमलेल्यांत हाच एक प्रामाणिक माणूस दिसतो.

हे वाक्य मला आरपार कळतं. तरुणपणी नोकरीसाठी मी एका मोठ्या शहरात खोली शोधत होतो. एका घरी बाईंनी चहा दिला, कविता ऐकल्या, ‘किती शुद्ध बोलता हो तुम्ही’ असं कौतुक केलं. मग पूर्ण नाव विचारलं आणि खोली कालच गेल्याचं त्यांना आठवलं. दुसऱ्या घरी म्हातारे गृहस्थ दारातच म्हणाले, ‘मुसलमानाला देत नाही.’ मी म्हटलं, ‘का देत नाही?’ आणि आमचं पाऊण तास भांडण झालं. त्यांनी खोली दिली नाहीच. पण जाताना पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या बाईंचा चहा मी विसरलो आहे. त्या पाण्याची चव लक्षात आहे. भांडण झालं म्हणजे निदान बोलणं तरी झालं होतं.

दहा दिवस. आर. एन. हॅरिस प्राथमिक शाळा. सकाळपासून रात्रीपर्यंत बैठका. गोरे, काळे, शिक्षक, गिरणी कामगार, आया, आणि मुख्य म्हणजे विद्यार्थी. रोज संध्याकाळी सभा संपताना गाणं. एलिसनं हटकलं, की तुमची गाणी इथं चालतात, तर माझ्या क्लॅनच्या वस्तूही इथं मांडणार. झगा, पुस्तकं, पत्रकं असं सगळं त्यानं शाळेतच एका जागी मांडलं. काळी पोरं ते उधळायला धावली. आडवी आली ती अ‍ॅन. मोडू नका, वाचा, हा माणूस असा का आहे हे कळायचं असेल तर तो काय वाचतो ते पाहा, असं तिचं सांगणं. वाचकहो, प्रदर्शनं उधळण्यात आपण सगळेच पटाईत झालो आहोत, म्हणून हा प्रसंग मी दोनदा वाचला.

रिडिकनं त्यांना ‘एकमेकांवर प्रेम करा’ असं काही सांगितलं नाही. प्रश्न अगदी रोजचे होते. शिक्षा कुणाला जास्त होते, पुस्तकांत कुणाचा इतिहास आहे, मंडळावर मुलांचा प्रतिनिधी असावा की नाही. असे प्रश्न सोडवताना माणूस समोरच्याच्या जातीधर्मापेक्षा त्याच्या बोलण्याकडं जास्त लक्ष देतो. निदान मधूनमधून तरी देतो.

गाठ सुटली ती मात्र बैठकीबाहेर. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर हे दोघं मागं राहिले. एलिसनं सांगितलं, की माझी मुलं शाळेतून रडत येतात. शिक्षक टोमणे मारतात, तुझा बाप क्लॅनवाला. आणि आता क्लॅनवाले म्हणतात, तुझा बाप काळ्यांत बसतो. अ‍ॅन त्याच्याकडं बघत राहिली. तिच्या मुलींचीही तीच कथा होती. तुझी आई चळवळवाली, आणि आता क्लॅनवाल्याबरोबर बसते. एलिस रडला, तीही रडली. आपण दोघं एकाच चिखलात उभे आहोत, हे त्याला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. सांगूनही पटलं नसतं, ते दिसावंच लागलं.

शेवटच्या रात्री सभेत एलिस ध्वनिक्षेपकापुढं उभा राहिला. खिशातून क्लॅनचं सभासदपत्र काढलं. हे फाडल्यानं शाळा सुधारणार असतील तर मी फाडतो, अशा अर्थाचं काही बोलला आणि ते फाडलं.

२०१९ मध्ये या गोष्टीवर हॉलिवूडनं चित्रपट काढला. सिनेमा वाईट नाही, पण त्यात शाळा एकत्र करायच्या की नाही हे जणू एलिसच्या एका मतावर ठरतं. प्रत्यक्षात तो निर्णय न्यायालयानं आधीच दिला होता आणि त्यामागं काळ्या आईबापांनी वर्षानुवर्षं लढवलेले खटले होते, तुरुंगात गेलेली पोरं होती. बैठकीचं काम त्या निर्णयात जीव ओतायचं होतं. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. गोऱ्या माणसाचं मन वितळलं म्हणून काळ्यांना न्याय मिळाला असं सांगितलं, की ऐकणाऱ्यांना बरं वाटतं. न्याय मागणाऱ्यांची मेहनत मात्र पुसली जाते. कायदा नसता, मोर्चे नसते, तर एलिसला त्या खुर्चीत बसायची गरजच पडली नसती. आणि बैठकीनंतर गावात रामराज्य आलं असंही नाही. शिफारशी स्वीकारणं शाळामंडळाच्या हाती होतं. पुढच्या वर्षांत गोरी कुटुंबं शहराबाहेर सरकत गेली आणि शहरातल्या शाळांत बहुतेक काळीच मुलं उरली. शहर आणि भोवतालचा परगणा यांच्या शाळा एका कारभाराखाली आल्या त्या थेट १९९२ मध्ये.

आपला या गोष्टीशी काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये तिथले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. एलिसनं सभासदपत्र फाडलं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचं नावच तिकडच्या काळ्यांच्या पँथरवरून घेतलेलं. धागा जुना आहे. आणि आज पुण्यात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी मुलांना आपण कोणत्या नावानं हाक मारतो, ईशान्येकडच्या मुलींना बसमध्ये काय ऐकावं लागतं, हे आठवून पाहा. वर्णद्वेष ही काही तिकडून आयात होणारी वस्तू नाही.

बोलण्याची वाटही इथली आहेच. भिवंडीत १९७० मध्ये आणि १९८४ मध्ये भीषण दंगली झाल्या. नंतर तिथं पोलीस अधिकारी म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी गल्लोगल्ली मोहल्ला समित्या बांधल्या. शेजारी राहणारे हिंदू-मुसलमान, पोलिसांसह, नियमानं एकत्र बसायचे आणि नळ-गटार-भांडणं यांवरच बोलायचे. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळत होती. भिवंडी शांत राहिली. त्या समित्या आणि आपल्या नेहमीच्या शांतता समित्या यांत फरक आहे. नेहमीची समिती सणाच्या आदल्या दिवशी भरते. चहा, बिस्किटं, सगळ्यांचा एक फोटो. मीही अशा दोन-चार फोटोंत आहे, कोपऱ्यात, हसताना.

एलिसला सभासदपत्र फाडण्याची किंमत मोजावी लागली. जुने मित्र तुटले, धमक्या आल्या, तो एकटा पडला. पंप सोडून त्यानं ड्यूक विद्यापीठाच्या देखभाल विभागात नोकरी धरलेलीच होती. मोठेपणी शाळेचं राहिलेलं शिक्षण पुरं केलं. मग युनियनच्या कामात शिरला. युनियनचे बहुसंख्य सभासद काळे. त्याच्याविरुद्ध काळा उमेदवार उभा. तरीही हा मोठ्या फरकानं निवडून आला. आपल्या आयुष्यातली मोठी कमाई कोणती, असं विचारलं की तो एका कराराचं नाव घ्यायचा. चाळीस गरीब काळ्या बायांसाठी त्यानं मालकांशी बोलणी करून वर्षातून एक भरपगारी सुट्टी मिळवली होती. डरहॅममधला तसा तो पहिला करार. सुट्टी कसली? मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची.

एलिस ३ नोव्हेंबर २००५ ला गेला. अ‍ॅन २०१६ च्या जूनमध्ये गेली. ती सांगायची ती हकीकत अशी. एलिसच्या अंत्यविधीला ती लवकर पोहोचली आणि पुढच्या रांगेत, घरच्यांसाठी ठेवलेल्या जागेवर जाऊन बसली. तिथला एक कर्मचारी अदबीनं जवळ आला. बाईंची काहीतरी चूक होते आहे असं त्याला वाटलं. हा सी. पी. एलिस यांचा अंत्यविधी आहे, ही जागा कुटुंबीयांची आहे, आपलं त्यांचं नातं काय, असं त्यानं विचारलं.

अ‍ॅन म्हणाली, तो माझा भाऊ होता.